बडतर्फीचा हुकूम आणि जन्मभराचा ठपका

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात, ज्या घरातील कोणी सैन्यात जाऊन आला आहे, त्या घरात दोन कागद विशेष जपून ठेवलेले असतात. एक सातबाऱ्याचा उतारा आणि दुसरे, सैन्यातून बाहेर पडताना मिळालेले डिस्चार्ज बुक. पहिल्यावर जमिनीचा हक्क ठरतो, दुसऱ्यावर माणसाची पत ठरते. निवृत्तिवेतन, आजारपणातील औषधोपचार, लष्करी कॅन्टीनची सवलत, बँकेतील वा कारखान्यातील पहारेकऱ्याची नोकरी, शासकीय सेवेत माजी सैनिकांसाठी राखून ठेवलेल्या जागा, या साऱ्यांची वाट त्या लहानशा पुस्तकातून जाते. त्याऐवजी ज्याच्या हाती बडतर्फीचा हुकूम पडतो, त्याला यांपैकी बहुतेक दारे एकाच दिवशी बंद होतात. कोर्टाने दिलेली कैद काही महिन्यांत संपते. हुकुमावरील तो एक शब्द मात्र मरेपर्यंत पुरतो. असा शब्द पुढे कधी बदलून घेता येतो काय, येत असेल तर कोणाकडे आणि किती वर्षांत, हा प्रश्न वरवर फार थोड्या माणसांचा वाटतो. ज्या जिल्ह्यांतून पिढ्यानपिढ्या मुले सैन्यात जातात, त्या जिल्ह्यांना तरी तो आपला मानावा लागेल.

परंपरेची दुसरी बाजू

सातारा जिल्ह्याच्या सैनिकी परंपरेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते यथार्थही आहे. जिल्ह्यातील अपशिंगे या गावाला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच निघाली. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि दक्षिण सातारा जिल्ह्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. जिल्हे दोन झाले, तरी भरतीची वाट एकच राहिली. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांत पावसाचा भरवसा नाही. शेती एका भावाने पाहावी आणि दुसऱ्याने फलटणीत जावे, हा तेथील संसाराचा जुना हिशेब आहे. शौर्याची ओढ त्यात आहेच. पण मनीऑर्डरीचा आधारही आहे आणि तो सांगण्यात कमीपणा काही नाही.

या परंपरेची दुसरी बाजू मात्र कमानींवर आणि स्मृतिस्तंभांवर कोरलेली नसते. सैन्यात गेलेला प्रत्येक मुलगा सन्मानाने परत येतोच असे नाही. कोणी रजा संपल्यावर वेळेवर हजर होत नाही. कोणी दारूच्या नशेत वरिष्ठाला उलटून बोलतो. कोणाची छावणीतील एकाकीपणाने मनाची घडी विसकटते आणि ते त्याला स्वतःलाही उमगत नाही. अशा माणसाला सैन्य काढून टाकते आणि तो गावी येतो. जेथे सैनिकाला उदंड मान असतो, तेथेच काढून टाकलेल्याची अवहेलनाही तितकीच तीव्र असते. सन्मान आणि बदनामी ही एकाच मापाने मोजली जातात. साहजिकच असा माणूस फार बोलत नाही, कचेरीत जात नाही, वकील गाठत नाही. पाच-दहा वर्षांनी मुलीच्या लग्नाच्या वा आजारपणाच्या खर्चाच्या वेळी प्रश्न उभा राहतो; तोवर अर्ज करण्याच्या मुदती उलटून गेलेल्या असतात.

चार शब्दांतील अंतर

सैन्यातील नोकरी संपण्याचे प्रकार लष्कर कायदा, १९५० याने वेगवेगळे मानले आहेत. निवृत्ती, सेवामुक्ती, सेवेतून दूर करणे आणि बडतर्फी हे चार शब्द सामान्य माणसाला जवळजवळ सारखे वाटतात; कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बडतर्फी ही लष्करी न्यायालयाने द्यावयाची शिक्षा असू शकते, अथवा कायद्याच्या २० व्या कलमाखाली वरिष्ठांनी काढलेला प्रशासकीय हुकूमही असू शकतो. सेवामुक्ती ही बहुधा मुदत पुरी झाल्यामुळे मिळते. परंतु ‘सेवेची आवश्यकता उरली नाही’ अशा सौम्य शब्दांतही ती दिली जाते. या सौम्य शब्दांमागे पुष्कळदा चार लाल शाईच्या नोंदी असतात. शिपायाच्या वर्तणूकपत्रात मोठ्या शिक्षा लाल शाईने लिहिल्या जातात आणि अशा चार नोंदी झाल्या, की त्याला नालायक ठरवून घरी पाठविण्याचा विचार सुरू होतो.

या शब्दांचा पैशाशी कसा संबंध येतो, हेही पाहिले पाहिजे. शिपायाला निवृत्तिवेतन मिळण्यासाठी साधारणतः १५ वर्षांची सेवा व्हावी लागते. १९६१ च्या लष्करी निवृत्तिवेतन नियमावलीतील ११३ व्या नियमानुसार बडतर्फ झालेल्याला मागील संपूर्ण सेवेबद्दल ना निवृत्तिवेतन मिळते, ना उपदान. मग ती सेवा ५ वर्षांची असो की २० वर्षांची. तिच्यातील काही काळ सियाचीनमध्ये गेलेला असो की काश्मीरच्या नियंत्रण रेषेवर. अपवाद एवढाच, की विशेष परिस्थितीत राष्ट्रपतींच्या विवेकाधिकाराने काही निवृत्तिवेतन देता येते. उलट, दुसऱ्या कारणाने सेवामुक्त झालेला माणूस नेहमीच्या नियमांप्रमाणे आपला हिस्सा मागू शकतो. म्हणजे बडतर्फीचे रूपांतर सेवामुक्तीत झाले, तर तो केवळ शब्दांचा फेरफार ठरत नाही. माणसाच्या आयुष्याच्या मधल्या १५-२० वर्षांची किंमत त्याने ठरते. माणूस वारला तर मागे राहिलेल्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल की नाही, तेही त्यानेच ठरते. अपराध पतीचा असतो. शिक्षा मात्र तिच्याही वाट्याला येते आणि तिला कोणत्याही न्यायालयाने कधी विचारलेले नसते.

एकाच खुर्चीतील न्याय

शिपायांच्या बडतर्फीचा एक महत्त्वाचा मार्ग म्हणजे समरी कोर्ट मार्शल. लष्कर कायद्याच्या ११६ व्या कलमाप्रमाणे येथे कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. आणखी दोन अधिकारी उपस्थित असतात, पण ते न्यायाधीश नसतात. आरोपीला मदतनीस म्हणून एक स्नेही मिळतो. तोही त्याच फलटणीतला, त्याच साहेबाच्या हाताखालचा. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल वा त्याहून वरच्या दर्जाचा असेल, तर तो एक वर्षापर्यंत कैद आणि बडतर्फी अशी शिक्षा देऊ शकतो. ती अंमलात आणण्यासाठी बहुधा वरून मंजुरीही लागत नाही. कागदपत्रे नंतर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जातात आणि तो गुणदोष पाहून शिक्षा रद्द वा कमी करू शकतो. तोवर शिपायाचा गणवेश उतरलेला असतो.

ही व्यवस्था युद्धभूमीवरील गरजेतून आली. शत्रू समोर असताना साक्षीपुराव्यांत महिने घालविता येत नाहीत, हे कोणीही मान्य करील. पण शांततेच्या काळात, छावणीत, रजेच्या प्रश्नावरूनही तीच पद्धत वापरली जाते तेव्हा तिचे समर्थन अवघड होते. ज्याच्याविरुद्ध शिपायाची तक्रार असेल, तोच अधिकारी त्याचा न्याय करू शकतो, हे तिच्यातील सर्वांत मोठे व्यंग आहे. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेला रणजित ठाकूर यांचा खटला याची साक्ष आहे. या सिग्नलमनने वरिष्ठांच्या वागणुकीविरुद्ध परस्पर वर तक्रार केली, म्हणून त्याला आधी कैद झाली. ती भोगत असताना त्याने जेवण घेण्याचा हुकूम मानला नाही, म्हणून समरी कोर्ट मार्शलने त्याला एक वर्षाची सक्तमजुरी देऊन बडतर्फ केले. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो अधिकारीच त्या न्यायासनावर होता. सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई पक्षपाताच्या कारणास्तव रद्द केली आणि शिक्षा अपराधाच्या मानाने धक्कादायक रीतीने अधिक असता कामा नये, हे तत्त्व लष्करी न्यायालाही लागू केले.

न्यायालयांची वाट

त्याआधी पाच वर्षे, १९८२ मध्ये, लेफ्टनंट कर्नल पृथीपालसिंग बेदी यांच्या प्रकरणात याच न्यायालयाने एक उणीव दाखवून दिली होती. लष्करी न्यायालयाच्या निकालावर अपील ऐकणारी स्वतंत्र न्यायसंस्थाच देशात नव्हती. ती उणीव भरून निघण्यास २५ वर्षे लागली. सशस्त्र सेना न्यायाधिकरण कायदा २००७ मध्ये झाला आणि न्यायाधिकरण २००९ मध्ये प्रत्यक्ष सुरू झाले. तेथे न्यायाधीशाबरोबर एक अनुभवी माजी सेनाधिकारी बसतो. लष्करी न्यायालयाने दिलेली शिक्षा कमी करण्याचा वा बदलण्याचा अधिकार त्याला आहे. सेवामुक्तीच्या हुकुमाविरुद्धचे अर्जही तेथे चालतात. सातारा-सांगलीच्या माणसासाठी त्याचे खंडपीठ मुंबईस आहे.

लाल नोंदींच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ मधील वीरेंद्रकुमार दुबे खटल्यातील निकाल महत्त्वाचा आहे. केवळ चार नोंदी झाल्या म्हणून यंत्रवत् घरी पाठविता येत नाही. आधी चौकशी झाली पाहिजे आणि शिपायाला आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. विशेष म्हणजे यासाठी न्यायालयाला बाहेरून काही आणावे लागले नाही. सेना मुख्यालयाने २८ डिसेंबर १९८८ रोजी काढलेल्या सूचनांतच ते होते. माणसाची सेवा किती झाली, त्याने किती काळ खडतर ठाण्यांवर काढला, निवृत्तिवेतनाची मुदत किती जवळ आली आहे, हे सारे पाहून मगच निर्णय घ्यावा, असे सेनेने स्वतःच आपल्या अधिकाऱ्यांना सांगून ठेवले होते. कागदावर दया होती. अंमलात ती उतरत नव्हती.

२०२३ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याची वाट २०१५ च्या एका निकालाने जवळजवळ बुजली होती; परशोतम दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मोकळी केली. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सातारा-सांगलीकरांना उच्च न्यायालय जवळ आले. न्यायाधिकरण मात्र मुंबईतच आहे आणि बडतर्फ शिपायाला पहिली पायरी तेथेच चढावी लागते. त्याआधी खात्यातील दाद मागण्याचे मार्ग संपविलेले असावे लागतात आणि अंतिम हुकुमापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. उशीर माफ होऊ शकतो, पण तो माफ करून घेण्यासाठीही वकील लागतो. जत तालुक्यातील ज्या माणसाचे उत्पन्नच हुकमाने थांबले आहे, त्याने मुंबईच्या किती खेपा कराव्यात आणि कोणाच्या जिवावर?

शब्द बदलल्याचा दाखला

कायद्याच्या पलीकडे पाहिले, तर सैनिकाच्या नावापुढील ठपका हा काळाबरोबर बदलू शकतो, याचा दाखला याच मातीत सापडतो. आझाद हिंद सेनेत गेलेला प्रत्येक हिंदी सैनिक ब्रिटिश दप्तराच्या लेखी शपथभंग करणारा होता. लाल किल्ल्यातील खटल्यात शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांना जन्मठेप काळे पाणी, नोकरीतून हकालपट्टी आणि थकलेला पगार जप्त अशा शिक्षा झाल्या. लोकमताचा रेटा एवढा होता, की जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिनलेक यांनी काळ्या पाण्याची शिक्षा माफ केली. पण हकालपट्टी आणि पगाराची जप्ती त्यांनी कायम ठेवली. कैदेवर पाणी सोडण्यास साम्राज्य तयार झाले. सैनिकाच्या नावावरील डाग पुसण्यास मात्र झाले नाही. पुढच्याच महिन्यात मुंबईत ‘तलवार’वर नाविकांचा उठाव झाला. त्यातील अनेकांनाही नोकरीला मुकावे लागले आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना नौदलात परत घेतले गेले नाही.

त्याच काळात वाळव्याच्या नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर किसन अहीर यांच्यासारखे स्थानिक तरुण होते, तसे आझाद हिंद सेनेतून आलेले नानकसिंगही होते. पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहीर आणि नानकसिंग दोघेही पडले. वाळव्याचा सहकारी साखर कारखाना आज हुतात्मा किसन अहीर यांच्या नावाने चालतो आणि नानकसिंगांची आठवणही त्या भागाने जपली आहे. ब्रिटिशांच्या दप्तराने ज्यांना गुन्हेगार ठरविले, त्यांना वारणेकाठच्या माणसाने आपले मानले. स्वतंत्र भारताच्या सरकारनेही १९४८ मध्ये आझाद हिंद सैनिकांवरील ठपका दूर करण्याचे ठरविले. सैन्यात त्यांना परत घेतले नाही. परंतु स्वातंत्र्यसैनिकांसाठी १९७२ मध्ये सुरू झालेल्या आणि १९८० मध्ये व्यापक झालेल्या सन्मान निवृत्तिवेतन योजनेत आझाद हिंद सेना आणि नाविकांचा उठाव या दोहोंचा समावेश झाला.

रजा उलटून घरी राहिलेला आजचा शिपाई आणि आझाद हिंदचा सैनिक यांची तुलना येथे अभिप्रेत नाही. एकाने देशासाठी शपथ मोडली, दुसऱ्याच्या हातून कर्तव्यात चूक झाली. दाखला आहे तो एवढ्याच गोष्टीचा, की बडतर्फीचा शब्द अपरिवर्तनीय नाही. राज्यसंस्थेने मनावर घेतले, तर न्यायालयाची पायरी न चढताही ती जुन्या हुकुमाकडे पुन्हा पाहू शकते. तिने एकदा तसे केलेले आहे.

इतर देशांतील व्यवस्था

अमेरिकेत सैन्यातून बाहेर पडणाऱ्याच्या कागदाचे पाच ठळक दर्जे आहेत; सन्माननीय हा पहिला आणि अप्रतिष्ठेचा हा शेवटचा. यांतील खालचे दर्जे मिळालेल्यांना फेरविचार मागता यावा, म्हणून १९४४ च्या माजी सैनिक कायद्यातच पुनर्विलोकन मंडळाची सोय करण्यात आली. बाहेर पडल्यापासून १५ वर्षांपर्यंत तेथे अर्ज करता येतो. ती मुदत उलटल्यास, अथवा शिक्षा मोठ्या लष्करी न्यायालयाची असल्यास, दप्तरदुरुस्तीचे वेगळे मंडळ आहे. २०१४ मध्ये तेथील संरक्षण खात्याने या मंडळांना आणखी एक सूचना दिली. व्हिएतनामसारख्या युद्धांतून परतलेल्या ज्या सैनिकांच्या गैरवर्तनामागे युद्धाच्या आघाताने आलेला मनाचा आजार असू शकतो, त्यांच्या अर्जांकडे उदार दृष्टीने पाहावे, अशी ती सूचना होती. व्हिएतनामच्या काळी त्या आजाराला वैद्यकशास्त्रात मान्यताप्राप्त नावही नव्हते. त्या काळी ज्याला बेशिस्त म्हटले, त्यातील काही पुढे रोग ठरला.

ब्रिटनने तर पहिल्या महायुद्धात पलायन, भित्रेपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना २००६ मध्ये कायद्याने क्षमा केली. मेलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता. पण ज्या घरांनी ८०-९० वर्षे ते नाव कुजबुजत उच्चारले होते, त्यांना होता. ज्या ब्रिटिश परंपरेतून आपला लष्करी कायदा आला, त्या परंपरेनेही मागे वळून पाहिले, एवढे त्यावरून दिसते.

शिस्तीचा आक्षेप

यावर सेनेतील अनुभवी माणसे एक आक्षेप घेतील आणि तो हलका नाही. सैन्याची ताकद शस्त्रांत जितकी असते तितकीच शिस्तीत असते. बडतर्फीचा शब्द पुढे बदलता येतो असे कळले, तर त्याचा धाक कमी होईल. खंदकात जो आपल्या शेजाऱ्याला सोडून गेला, त्याला आणि जो शेवटपर्यंत उभा राहिला त्याला, एकाच पंक्तीत बसविणे हा दुसऱ्यावर अन्याय होईल. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये, १०८ दिवस विनापरवाना गैरहजर राहिलेल्या एका शिपायाची बडतर्फी कायम केली. पत्नीच्या आजारपणाचे कारण त्याने दिले होते. न्यायालयाला ते पुरेसे वाटले नाही. सैन्यातील अशी बेशिस्त खपवून घेता येणार नाही, हाच त्या निकालाचा आशय होता.

आक्षेप मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. पहिली अशी, की फेरविचार म्हणजे क्षमा नव्हे. देशद्रोह, खून, बलात्कार, शत्रूसमोरून पलायन अशा अपराधांना फेरविचारातून वगळता येईल आणि वगळलेच पाहिजे. राहिलेल्यांपैकीही अनेकांचे अर्ज नामंजूर होतील. ते योग्यच ठरेल. दुसरी गोष्ट अशी, की शिस्तीसाठी आवश्यक असलेली शिक्षा आणि शिक्षा भोगून झाल्यावरची ४० वर्षे या दोन वेगळ्या बाबी आहेत. फलटणीत इतरांना धाक बसावा म्हणून जे करायचे ते बडतर्फीच्या दिवशीच होऊन जाते. तो माणूस ६० वर्षांचा झाल्यावर त्याच्या मागील १४ वर्षांच्या चांगल्या सेवेचा काही अंश मान्य केला, म्हणून सीमेवरचा पहारा ढिला पडेल, असे समजण्यास आधार नाही.

आटपाडीच्या एखाद्या शिपायाची कल्पना करून पाहावी. सेवा १४ वर्षांची. त्यातील काही डोंगरावरील ठाण्यांवरची. वडील वारलेले, भाऊबंदकीचा दावा कोर्टात चाललेला, रजेची मुदतवाढ नाकारलेली. तो राहतो, उशिरा हजर होतो, शिक्षा होते. असे दोन-तीनदा घडते आणि मधे दारूची सवय लागते. एके दिवशी बडतर्फी होते. नियमाच्या प्रत्येक ओळीप्रमाणे हा निर्णय बरोबर असू शकतो. पण त्या ओळींमध्ये एकही अशी नाही, जी दहा वर्षांनी त्याला विचारील, की बाबा रे, नक्की काय झाले होते?

अग्निवीरांच्या काळात

हा प्रश्न पुढे लहान होणार नाही, वाढणार आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली आणि तिच्याखाली भरती झालेल्यांची मुदत चार वर्षांची ठरली. त्यांपैकी फार तर एकचतुर्थांश कायम होतील; बाकीचे पंचविशीच्या आत-बाहेर घरी येतील. त्यांना निवृत्तिवेतन नाही. ठरलेली सेवानिधीची रक्कम आणि प्रमाणपत्र एवढेच हाती राहील. पहिली तुकडी २०२३ च्या आरंभी प्रशिक्षणास गेली, म्हणजे तिची चार वर्षे २०२६-२७ च्या सुमारास पुरी होतात. पूर्वी शिपाई पंधरा-सतरा वर्षांच्या नोकरीनंतर परतत असे आणि निवृत्तिवेतन त्याच्या पाठीशी असे. आता विशीतील तरुण परतेल आणि पोलीस दलात, निमलष्करी दलांत वा कारखान्यात नोकरी मागताना त्या प्रमाणपत्रावरील शेऱ्याखेरीज त्याच्यापाशी दाखवायला फारसे काही नसेल. वयाच्या विसाव्या वर्षी मिळालेला वाईट शेरा दुरुस्त करण्याचा सोपा मार्ग त्याला असू नये काय?

काय करता येईल

यासाठी फार मोठी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. संरक्षण मंत्रालयाने कायमस्वरूपी पुनर्विलोकन मंडळ नेमावे आणि त्यात एक न्यायाधीश, एक माजी सैनिक आणि एक मनोविकारतज्ज्ञ असावा. अर्ज साध्या कागदावर, मातृभाषेत, वकिलाविना करता यावा. मुदत महिन्यांत मोजू नये, वर्षांत मोजावी. मंडळाची बैठक मुंबई-दिल्लीपुरती न ठेवता वर्षातून एकदा बेळगावसारख्या रेजिमेंटल केंद्राच्या ठिकाणी वा जिल्ह्याच्या गावी घ्यावी. बडतर्फीचे रूपांतर सेवामुक्तीत करण्याची, वर्तणुकीचा शेरा सुधारण्याची आणि ११३ व्या नियमातील राष्ट्रपतींचा विवेकाधिकार वापरावा अशी सकारण शिफारस करण्याची मुभा त्याला असावी. हा विवेकाधिकार नियमावलीत कित्येक वर्षे पडून आहे. तो मागावा कसा, हेच शिपायाला माहीत नसते.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांचे कामही येथे महत्त्वाचे ठरेल. ही कार्यालये माजी सैनिकांसाठी आहेत आणि बडतर्फ माणूस रूढ व्याख्येने माजी सैनिकच ठरत नाही. ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच उंबरठ्यावर थांबावे लागते. सवलती देण्याचा प्रश्न वेगळा. निदान अर्ज लिहून देणे, जुनी कागदपत्रे फलटणीकडून मागविणे, मुदत समजावून सांगणे एवढे काम या कार्यालयांनी त्याच्यासाठी करावे. सातारा आणि सांगलीच्या लोकप्रतिनिधींनी या दोन मागण्या संसदेत आणि विधिमंडळात मांडल्या, तर सैनिकी जिल्ह्यांचे प्रतिनिधी म्हणून त्यांनी काही केले असे होईल.

लष्कर कायद्याच्या २३ व्या कलमात एक लक्षणीय तरतूद आहे. बडतर्फ होवो वा सेवामुक्त, शिपायाला त्याची नोकरी कोणी संपविली, का संपविली आणि एकूण सेवा किती झाली, हे लिहिलेला दाखला द्यावा लागतो. तो इंग्रजीत तर असावाच, पण शिपायाच्या मातृभाषेतही असावा, असे कायदा म्हणतो. १९५० मध्ये हे लिहिणाऱ्यांच्या मनात हा विचार असला पाहिजे, की काढून टाकलेला माणूसही माणूस आहे आणि आपल्याला का काढले हे त्याला त्याच्या भाषेत कळले पाहिजे. त्याच विचाराची पुढची पायरी अद्याप राहिली आहे. कारण मराठीत सांगण्याची सोय कायद्याने केली. त्या कारणावर काही वर्षांनी मराठीत उत्तर ऐकून घेण्याची सोयही त्याने केली पाहिजे.